धुराचं यंत्र आणि मावशींचं फडकं

ज्या पत्राने मावशींना कामचुकार ठरवलं, ते पत्र मी टाइप केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझा आवाज चढेल, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

मी एका प्राथमिक शाळेच्या कचेरीत कारकून आहे. मावशी तिथे सफाईचं काम करतात. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव मी रोज लिहितो, पण शाळेत त्या सगळ्यांच्या मावशीच. पोरांनी त्यात भर घालून ‘दहा मिनिटं मावशी’ केलं होतं. कारण असं, की बाकावर औषधाचं पाणी फिरवलं की मावशी दारात खराटा आडवा धरून उभ्या राहायच्या. कुणी आत घुसायला लागलं की म्हणायच्या, “दहा मिनिटं! ओलं राहू दे. जंतू काय तुझी वाट बघत मरायला बसलेत?” मग ते विद्यार्थी असोत, शिक्षक असोत, नाहीतर शाळा तपासायला आलेले साहेब.

त्यांची काम करायची एक पद्धत होती आणि तीत काडीचा बदल त्यांना खपत नसे. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा. मग जंतुनाशकाचं पाणी लावायचं, तेही त्याच सकाळी मापाने कालवलेलं. मग थांबायचं. मग बाकावर पोरं डबे खातात म्हणून साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं. लाल फडकं संडासाला, निळं बाकांना, पिवळं पाण्याच्या टाकीला आणि नळांना. चुकून लाल फडकं वर्गात दिसलं तर दिवसभर तोंडाचा पट्टा थांबत नसे. फडक्याची चौपदरी घडी घालायच्या, एक बाजू मळली की उलटायच्या, सगळ्या बाजू संपल्या की नवं फडकं. कड्या, दिव्यांची बटणं, जिन्याचा कठडा, खुर्च्यांच्या पाठी अशा जिथे जिथे हात लागतात त्या जागा आधी. “फरशी काय, फरशी कुणी चाटत नाही,” असं त्या म्हणायच्या. मग शिशुवर्गाकडे बघून म्हणायच्या, “ती सोडून.”

त्या वर्षी शाळेला नवे अध्यक्ष लाभले. ‘लाभले’ हा शब्द स्वागताच्या पत्रकात मीच घातला होता. त्यांना सगळं आधुनिक हवं होतं. एक दिवस ते एका विक्रेत्याला घेऊन आले. त्याच्या हातात बंदुकीसारखं यंत्र, पाठीवर टाकी. सभागृहात आम्हा सगळ्यांना उभं केलं. त्याने खटका दाबला आणि लिंबाच्या वासाचं पांढरं धुकं भसाभसा सुटलं. पंधरा सेकंदांत दहा बाकं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

“घासायला नको, पुसायला नको,” विक्रेता म्हणाला. “सगळे जंतू ठार.”

मागून मावशींचा आवाज आला. “आणि शेंबूड?”

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत.

“खरंच विचारते, साहेब. शेंबूड, खाऊचा चिकटा, तेलकट बोटं हे सगळं बाकावर असतंच. त्याच्यावरून धूर मारला तर खालचे जंतू मळाच्या आड बसलेलेच राहणार ना?”

“आमच्या औषधाला घासायची गरजच नाही, बाई.”

“मग घरी जेवणाची ताटं अशीच फवारता का?”

यावर मात्र हसू दाबायला आम्हाला खोकला काढावा लागला. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, कडक आवाजात म्हणाल्या, “मावशी, पुरे. शिकलेल्या माणसांनी विचार करून ठरवलंय.”

वीस वर्षं जिने या शाळेतली एकेक फळी हाताने ओळखली होती, तिला एका वाक्यात गप्प बसवलं. कुणीही काही बोललं नाही. मीही नाही.

यंत्र आलं आणि त्याच्या मागोमाग एकेक गोष्ट जायला लागली. रंगीत फडकी ‘जुनाट दिसतात’ म्हणून गेली. ब्लीचिंग पावडर ‘वास येतो’ म्हणून गेली. फरशीच्या तीन पोछ्यांतले दोन गेले. संडास, वऱ्हांडा आणि वर्ग यांना मिळून एक पोछा उरला. नंतर यंत्र सगळं निर्जंतुक करतंच आहे तर दोन बायका कशाला, असं कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं आणि मावशींच्या जोडीदारणीला घरी बसवलं. बावीस खोल्या, दोन हात आणि एक पोछा. मावशींनी घरून जुन्या चादरी फाडून आणल्या आणि त्यांवर दोऱ्याने खुणा घातल्या. लाल टाका, निळा टाका. ते लपवून वापरायच्या, कारण मोठ्या बाईंना ‘चिंध्या’ दिसलेल्या चालत नसत. मुलांसाठी चाललेलं काम मावशींना लपूनछपून करावं लागत होतं! हे लिहितानाही माझं डोकं तापतंय.

सोमवारी, पहिल्या सुट्टीच्या आधी, दुसरीच्या वर्गात एक मुलगी ओकली. बाकावर, दप्तरावर, फरशीवर, शेजारणीच्या बुटांवर. वर्गाच्या बाईंनी मुलांना बाहेर काढलं. मावशी तरातरा कचेरीत आल्या. त्यांच्या हातात चिठ्ठी होती. सातवीपर्यंतचं शिक्षण, त्यामुळे अक्षर वळणदार नसलं तरी स्पष्ट. ‘ब्लीचिंग पावडर, सहा फडकी, हातमोजे, जुनी वर्तमानपत्रं. दुसरीच्या वर्गात उलटी झाली आहे. लगेच पाहिजे.’ खाली तारीख, अकरा वाजल्याची वेळ आणि सही.

“भाऊ, हे आत द्या लवकर. वाळलं की हवेत जाईल.”

मी चिठ्ठी आत नेली. मोठ्या बाई फोनवर होत्या. त्यांनी फोन न सोडता लाल शाईने शेरा मारून खाली सही ठोकली, ‘यंत्र उपलब्ध आहे. आवश्यकता नाही.’ मी चिठ्ठी परत आणली. मावशींनी शेरा वाचला आणि तडक वर्गाकडे गेल्या. घरून आणलेल्या साबणाने आणि चादरीच्या तुकड्यांनी त्यांनी ते सगळं साफ केलं. त्यावर शिपायाने यंत्राचा लिंबू-धूर मारला आणि पाच मिनिटांत मुलं पुन्हा आत.

चिठ्ठी माझ्या टेबलावरच्या तबकात राहिली.

गुरुवारपर्यंत दुसरीतली एकोणीस मुलं आजारी पडली. दोघांना दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. त्यातल्या एकाची आई बसमध्ये कंडक्टर होती. ती गणवेशातच कचेरीत आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण आवाज करकरीत होता. “माझ्या पोराच्या शाळेत पुसतं कोण आणि कशाने, हे मला सांगा.”

योग्य प्रश्न होता. ‘कोण’ आणि ‘कशाने’. अध्यक्षांनी त्यातला पहिला अर्धा तेवढा ऐकला.

“दुसरीचा वर्ग कुणाकडे आहे?” त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं.

“मावशींकडे.”

“मग झालं तर.”

त्यांनी मला समोर बसवून पत्र सांगितलं. ‘आपण नेमून दिलेल्या स्वच्छतेच्या कामात अक्षम्य हलगर्जीपणा केल्यामुळे विद्यार्थ्यांच्या आरोग्यास धोका पोहोचला. याबाबत आपली चूक मान्य असल्याचे लेखी द्यावे.’ मी टाइप करत होतो आणि ती चिठ्ठी माझ्या डाव्या हातापासून वीतभर लांब होती. तिच्यावरची लाल शाई मला दिसत होती. ‘अक्षम्य’ मध्ये माझ्याकडून चूक झाली, ती मी खोडून नीट केली. शुद्धलेखन सुधारलं. बाकी काही सुधारायचं माझ्या मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण अध्यक्षांच्या मनात आलं तर कचेरीतला माणूस बदलायला त्यांना एक दिवस पुरतो, हे मला माहीत होतं.

मावशींनी पत्र उभ्यानेच वाचलं. एकेका शब्दावर बोट ठेवून.

“भाऊ, सोमवारी तुम्ही होतात ना इथे?”

“होतो, मावशी.”

“मग?”

एवढंच. त्यांनी सही केली नाही. पत्र घडी करून पदराखाली घेतलं आणि कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला त्यांच्या घरी पिटाळलं. म्हणे, शनिवारी पालकांची सभा आहे, त्याआधी सही घेऊन या, हवं तर समजूत काढा. दोन खोल्यांचं घर. मावशींचे यजमान घरांना रंग देण्याचं काम करतात. ते पायरीवर बसून ब्रश धूत होते. मला बघून म्हणाले, “या भाऊ. पाय पुसून या हां. आमच्याकडे जंतूंनाही विचारून आत सोडतात.”

मी पत्राचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. ते बायकोला म्हणाले, “अगं, करून टाक सही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? दोन वर्षांनी तू घरीच बसणारेस.”

“तुम्ही रंग दिलेल्या भिंतीला दुसऱ्याने भोक पाडलं, तर ‘मी पाडलं’ म्हणून सही कराल?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

ते पुन्हा ब्रश धुवायला लागले. मावशी माझ्याकडे वळल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण पुढचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण कधी विचारलंच नव्हतं.

शाळेच्या आधी त्या एका इस्पितळात होत्या. नवीन लग्न झालेलं, नवीन नोकरी. मुलांच्या वॉर्डात पुसायचं काम. मोठ्यांचा वॉर्ड, संडास, मुलांचा वॉर्ड, सगळ्यांना पोछा एकच. मिळाला तोच वापरायचा. एका आठवड्यात तीन बाळं आजारी पडली. दोन सुधारली.

“तिसऱ्याचं टोपडं हिरवं होतं,” मावशी म्हणाल्या. “त्याची आई मला रोज म्हणायची, जरा हळू पुसा, आत्ता झोपलाय. मी हळू पुसायची, भाऊ. हळू पुसायची आणि त्याच पोछ्याने पुसायची.”

यजमानांनी ब्रश खाली ठेवला.

“चौकशी झाली. डॉक्टरांना विचारलं, सिस्टरना विचारलं. औषधाच्या बाटल्या तपासल्या. मला कुणी विचारलं नाही आणि पोछ्याकडे कुणी बघितलं नाही. फक्त एक मोठ्या सिस्टर होत्या. त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि सगळं शिकवलं. फडकी वेगळी का, थांबायचं का, आधी साबण का. म्हणाल्या, तुला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तुझा दोष नाही. पण आता शिकलीस. आता चुकलीस तर तुझा.” मावशींनी पत्र माझ्यापुढे धरलं. “तेव्हा माझ्या हातून झालं होतं, तर कुणी मला एक अक्षर लिहून दिलं नाही. आता मी केलेलं नाही, तर सही मागतात. मी मेले तरी करणार नाही.”

मी सहीविना परत आलो. रस्त्यात स्वतःला शंभर शिव्या दिल्या. त्यापैकी एकही मोठ्याने दिली नाही.

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. सकाळीच तिथे यंत्र फिरवलेलं, सगळीकडे लिंबाचा वास. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. शाळेने अत्याधुनिक यंत्रणा कशी आणली आहे, तुम्ही बसलाय ती एकेक खुर्ची आज सकाळी कशी निर्जंतुक केली आहे, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. “यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो,” ते म्हणाले. “संबंधित कर्मचाऱ्यावर आम्ही कारवाई केली आहे.”

संबंधित कर्मचारी दाराशी बादली घेऊन उभी होती. दीडशे माणसांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

मावशी बादलीसकट पुढे आल्या. आवाज नेहमीचाच होता.

“साहेब, तुमचं टेबल पुसू का?”

“आता? आता कशाला?”

“पुसू दे त्यांना,” कंडक्टर बाई पहिल्या रांगेतून म्हणाली.

मावशींनी पांढऱ्या चादरीचा एक धुतलेला तुकडा काढला. आधी सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दाखवला. साबणाच्या पाण्यात बुडवला, पिळला, त्याची चौपदरी घडी घातली आणि अध्यक्षांच्या समोरचं टेबल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसलं. मग फडकं उलगडून वर धरलं.

काळं कुळकुळीत.

घडी उलटली. मोठ्या बाईंच्या खुर्चीचा हात पुसला. करडं आणि चिकट. पुन्हा उलटली. पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीची पाठ पुसली. तीच गत.

“हे सगळं सकाळी निर्जंतुक केलेलं,” मावशी म्हणाल्या. “धूर वरून गेला. मळ खालीच आहे. ताटातलं खरकटं न काढता अत्तर शिंपडलं तर ताट स्वच्छ होतं का? यंत्राशी माझं वैर नाही. मळ काढल्यावर वापरा, मुलं बाहेर असताना वापरा. पण ते माझ्या हातांच्या जागी उभं करू नका.”

“आणि त्या दिवशी उलटी झाली, तेव्हा काय वापरलंत?” कंडक्टर बाईने विचारलं.

“घरचा साबण. उलटीला साबण पुरत नाही, ताई. आधी कागद टाकायचा, वर ब्लीचिंगचं पाणी ओतायचं, थांबायचं, मग उचलायचं. मी ब्लीचिंग मागितलं होतं. मिळालं नाही.”

मोठ्या बाई ताडकन उठल्या. “हे साफ खोटं आहे! मावशींनी काहीही मागितलेलं नव्हतं.”

आजही मला वाटतं, त्या एवढं बोलल्या नसत्या तर मी बसूनच राहिलो असतो. इतका मी भित्रा. पण ते ‘साफ खोटं’ ऐकलं आणि माझ्या कानशिलांत काहीतरी सणसणलं. मी उठलो, कचेरीत गेलो, तबकातली चिठ्ठी घेतली आणि परत आलो. मी चिठ्ठी वाचली. साहित्य वाचलं, तारीख वाचली, वेळ वाचली. मग लाल शाईतला शेरा वाचला आणि खालची सही कुणाची तेही वाचलं.

“ही चिठ्ठी सोमवारपासून माझ्याकडे आहे,” मी म्हणालो. “आणि कारवाईचं पत्रही मीच टाइप केलं. चिठ्ठी समोर असताना.”

मग जो गलका उठला तो विचारू नका. अध्यक्ष ‘शांत व्हा, शांत व्हा’ म्हणत राहिले. कंडक्टर बाई टेबलाशी गेली आणि ते काळं फडकं उचलून त्यांच्या कागदांवर ठेवलं. मोठ्या बाई मटकन खाली बसल्या. त्यांची मला त्या क्षणी दया आली, हेही सांगतो. फोनवर बोलताना मारलेला एक शेरा होता. पण तो खोटेपणाने झाकायला गेल्या, तिथे दया संपली.

सोमवारी रंगीत फडकी आली, ब्लीचिंग आलं, पोछे आले. मावशींच्या जोडीदारणीला बोलावणं गेलं. आजारी मुलं एकेक करून शाळेत आली. सलाइन लावलेली दोघंही. यंत्र गेलं माळ्यावर. आणि अध्यक्षांनी, गड्याची कमाल आहे, मावशींचा सत्कार करायचं ठरवलं!

“सत्कार नको,” मावशी म्हणाल्या. “पत्र मागे घेतल्याचं पत्र द्या.”

“अहो, ते आम्ही फाडून टाकू.”

“फाडू नका. फाडलं तर लोक म्हणतील, केलं होतं पण सोडून दिलं. लिहून द्या.”

पहिल्या मसुद्यात होतं, ‘गैरसमजातून पत्र दिले गेले.’ मावशींनी बोट ठेवलं. “गैरसमज कुणाचा? माझा तर नव्हता.” दुसऱ्यात होतं, ‘साहित्याच्या अनुपलब्धतेमुळे.’ त्या शब्दाचा अर्थ त्यांनी मला विचारला. मी सांगितला. “साहित्य आपोआप अनुपलब्ध झालं का?” पंधरा दिवस हे चाललं. तिसरा मसुदा मीच लिहिला, दोन ओळींचा. ‘मागणी करूनही आपल्याला साहित्य दिले गेले नाही. चूक शाळेची होती, आपली नव्हती.’ अध्यक्ष सही करेनात. तेव्हा कंडक्टर बाई आणि आणखी आठ पालक कचेरीत येऊन बाकावर बसून राहिले, काही न बोलता. दुपारपर्यंत सही झाली.

सगळं नीट झालं, असं मात्र समजू नका. नोकरी कुणाचीही गेली नाही. मोठ्या बाई अजून मोठ्या बाईच आहेत. विक्रेता दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या सभागृहात धूर सोडत असेल आणि तिथलेही लोक टाळ्या वाजवत असतील. आणि आमच्या वऱ्हांड्यात आता एक मोठा रंगीत तक्ता लागलाय. ‘शालेय स्वच्छतेची नवी कार्यपद्धती.’ तळाशी, ‘संकल्पना व मार्गदर्शन: अध्यक्ष महोदय.’ आत शब्द न् शब्द मावशींचा. नाव कुठेच नाही.

तक्ता लागला त्या सकाळी मी संतापून मावशींना तिथे घेऊन गेलो. “बघा हे! राग येत नाही तुम्हाला?”

“येतो ना. न यायला मी काय दगड आहे?” त्या म्हणाल्या. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. मग माझ्याकडे वळल्या. “पण भाऊ, यात एक राहिलंय. हातमोजे काढल्यावर आपले हात धुवायचे, ते लिहिलंच नाही. बाकं लिहिली, नळ लिहिले, कड्या लिहिल्या. पुसणारीचे हात विसरले.”

मी कचेरीतून जाड पेन आणलं. तक्त्याच्या तळाशी, अध्यक्षांच्या नावाला घासून, मोठ्या अक्षरांत ती ओळ लिहिली. परवानगी घेतली नाही.